परदेशवारीत आधी रात्री मोजाव्यात

प्रति,
माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी सहलींच्या जाहिराती आणि त्यांच्या जोडीने सहलींचे आराखडे देणारे लेख येऊ लागतात. ‘बारा दिवसांत आठ देश’ अशा मथळ्याचा एक आराखडा नुकताच वाचनात आला आणि हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. पत्नी, मुलगा आणि सून यांच्यासह पंधरा रात्रींची, पाच शहरांची युरोपवारी आम्ही कोणत्याही सहल कंपनीबरोबर न जाता स्वतः आखून केली. त्या आखणीत जे पैसे मोजून शिकलो, ते इतरांना फुकट मिळावे एवढाच या पत्रामागचा हेतू आहे. अनेक शहरांच्या सहलीत कोणती शहरे पाहायची हे ठरवणे सोपे असते. ती कोणत्या क्रमाने पाहायची आणि प्रत्येक ठिकाणी किती रात्री राहायचे, हे आधी ठरवावे लागते, कारण भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याचा व्हिसा, विमानाचे तिकीट, विमा आणि खर्च हे सारे त्याच हिशेबावर उभे असते.

आमची मूळ आखणी अशी होती : पॅरिसला तीन रात्री, तेथून आगगाडीने लंडनला जाऊन चार, लंडनहून विमानाने झुरिक गाठून लुसर्नला तीन, मग फ्लॉरेन्सला दोन आणि रोमला तीन, परतीचे विमान रोमहून. व्हिसाचे अर्ज भरून देण्याचे काम एका परिचिताने सुचवलेल्या एजंटाकडे सोपवले होते. निघायला नऊ दिवस उरले असताना पासपोर्ट घरी आले. आम्ही सगळे व्हिसा मिळाल्याच्या आनंदात होतो. सुनेने मात्र जेवणाच्या टेबलावर चारही पासपोर्ट उघडून त्या चिकटवलेल्या व्हिसावरचा एकेक रकाना मोठ्याने वाचायला घेतला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मुक्कामाचे दिवस किती, प्रवेश किती. प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’ अशी अक्षरे अपेक्षित होती, तेथे ०१ होते. चौघांच्याही पासपोर्टवर ०१. अर्जाची प्रत काढून पाहिली, तर ‘एकदाच प्रवेश’ या चौकटीत खूण केलेली आढळली. खूण एजंटाने केली होती, पण अर्जाखालच्या सह्या आमच्या होत्या आणि त्या आम्ही न वाचता केल्या होत्या.

ज्यांना यातली अडचण चटकन लक्षात येणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंगेन व्हिसा हा आज २९ देशांच्या मिळून एका क्षेत्राचा व्हिसा आहे. त्या क्षेत्रात आपण पॅरिसहून रोमला किंवा रोमहून व्हिएन्नाला गेलो तरी तो एकच प्रवेश धरला जातो. ब्रिटन या क्षेत्रात नाही. तेथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. पॅरिसहून लंडनच्या गाडीत बसताक्षणी आमचा शेंगेनमधला एकमेव प्रवेश संपला असता, आणि चार दिवसांनी झुरिकच्या विमानासाठी लंडनच्या विमानतळावर उभे राहिलो असतो तेव्हा आम्हाला विमानात बसू दिले गेले नसते. स्वित्झर्लंड आणि इटली, म्हणजे सहलीचा अर्ध्याहून अधिक भाग, आणि रोमहून परतीचे तिकीट असे सगळेच हातचे गेले असते.

नवा व्हिसा काढायला वेळ नव्हता. उपाय नकाशातच होता. मुलाने लंडन सर्वांत आधी घेतले : मुंबईहून थेट लंडन, चार रात्री, तेथून आगगाडीने पॅरिस, आणि पुढे सगळा प्रवास शेंगेनच्या आत, शेवटी रोम. मुंबई-पॅरिस तिकीट बदलून मुंबई-लंडन करण्याचे शुल्क भरावे लागले. पॅरिसचे हॉटेल मोफत रद्द करता येणाऱ्या प्रकारातले असल्याने त्याच्या तारखा दोन मिनिटांत बदलल्या; लंडनचे मात्र थोडे स्वस्त मिळते म्हणून पैसे परत न मिळणाऱ्या प्रकारात घेतले होते, ते पूर्ण बुडाले. लंडनहून झुरिकची विमानतिकिटेही वाया गेली. विशेष म्हणजे नवा क्रम मूळ क्रमापेक्षा सरळ आणि जवळचा होता. इंग्लिश खाडी एकदाच ओलांडायची होती आणि तेथून दक्षिणेकडे उतरत जायचे होते. नकाशा समोर ठेवून पहिल्याच दिवशी विचार केला असता, तर व्हिसाच्या चुकीचा प्रश्नच उद्भवला नसता. म्हणून माझा आग्रह असा, की शेंगेनबाहेरचा देश सहलीच्या मध्ये घालू नये. तो पहिला किंवा शेवटचा ठेवावा, मग व्हिसा अनेक प्रवेशांचा असो वा नसो.

येथे ‘युरोप’ या शब्दाने आपल्याकडे होणारा घोटाळाही नमूद केला पाहिजे. युरोपीय संघ, शेंगेन आणि युरो चलन या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे आणि त्याचे चलन फ्रँक आहे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, तेथे युरो चालतो, पण शेंगेन व्हिसावर तेथे जाता येत नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. त्यामुळे चार वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा सल्ला आज लागू पडेलच असे नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही रात्रींवरच ठरते. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे. मुक्काम समान असल्यास ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमच्या आखणीत फ्रान्स तीन, स्वित्झर्लंड तीन आणि इटली पाच रात्री होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाची मुदत साधारणपणे १५ दिवसांची असली, तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते, ही बाब उन्हाळ्याच्या गर्दीत जाणाऱ्यांनी विसरू नये. प्रौढांसाठीचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे, आणि व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही.

अर्ज देण्यासाठी केंद्रात भेटीची वेळ लवकर मिळत नाही म्हणून ज्या देशाची मिळते त्याच्याकडे अर्ज करायचा, कागदोपत्री तेथे जास्त रात्री दाखवायच्या आणि प्रत्यक्षात भलतीकडेच जायचे, असे सर्रास सुचवले जाते. केवळ दाखवण्यापुरती ‘डमी’ तिकिटे विकणारेही आहेत. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले आहेत. आखणी आणि कागद जुळत नाहीत हे तपासणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. सीमेवरचा अधिकारीही हॉटेलचे आरक्षण मागू शकतो. व्हिसा हाती येण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढण्याची गरज नसते, आरक्षण दाखवणे पुरते. मोफत रद्द करता येणारी खरी हॉटेले घ्यावीत आणि विमानाचे खरे आरक्षण करावे. ते थोडे महाग पडले तरी झोप शांत लागते. खरे म्हणजे परवानगी मिळण्याआधीच संपूर्ण सहल कागदावर उभी करायला लावणारी ही पद्धत आपल्या प्रवाशावर अन्याय करणारी आहे, असे मला मनापासून वाटते. परंतु ती आहे तोवर तिच्यात राहूनच आखणी करणे भाग आहे.

पासपोर्टकडेही वेळीच पाहावे. क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या दिवसापासून पुढे किमान तीन महिने तो वैध हवा, गेल्या दहा वर्षांतला हवा आणि त्यात किमान दोन कोरी पाने हवीत. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नवा नियम स्वीकारला. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो; मात्र पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असली पाहिजे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाल्याने हे दिवस आता शिक्क्यांवरून बोटांनी मोजले जात नाहीत.

नावाचा एक प्रश्न खास आपल्याकडचा आहे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन नावे एकत्र असतात. माझ्या पत्नीच्या एका तिकिटावर मधले नाव गळले होते आणि दुसऱ्यावर ते तिच्या नावाला जोडून एकच लांब शब्द झाला होता. दोन्ही तिकिटे आम्ही आधीच दुरुस्त करून घेतली. विमानाचे तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि विमा या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच ठेवावे.

आता रात्रींबद्दल सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीतले गणित येथेच फसवते. बारा दिवसांच्या सहलीतला पहिला दिवस विमानात जातो आणि शेवटचाही. मुंबईहून पश्चिम युरोप थेट विमानाने नऊ-दहा तासांवर आहे, मध्ये विमान बदलायचे असेल तर त्याहून बरेच अधिक. पॅरिस-रोमचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आठ वाजता डोळे मिटू लागतात. उरलेल्या दहा दिवसांत आठ देश बसवले, तर जवळजवळ रोज सामान बांधावे लागते. शहर बदलणे म्हणजे काय, ते आमच्या लुसर्न ते फ्लॉरेन्स या एका दिवसावरून सांगतो. सकाळी सहाला उठून बॅगा भरल्या, सातला न्याहारी, आठला खोली सोडली. मिलानपर्यंतची गाडी गोट्टहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या, २०१६ मध्ये सुरू झालेल्या बोगद्यातून गेली, तो अनुभव सुंदरच होता. परंतु मिलानला गाडी बदलायची होती. हमाल कोठे दिसला नाही, डब्याच्या पायऱ्या उंच, आणि पत्नीचे गुडघे दुखरे. दोन मोठ्या बॅगा मी आणि मुलाने दारातून आत ओढल्या, तोवर मागे रांग खोळंबली. फ्लॉरेन्सला दुपार झाली. स्थानकापासून हॉटेल नकाशावर नऊशे मीटर होते, पण रस्ता दगडी फरशांचा आणि बॅगांची चाके प्रत्येक फटीत अडकत होती. खोली तीन वाजता मिळणार होती. मिळाली तेव्हा लिफ्ट इतकी अरुंद निघाली, की एका वेळी एक माणूस आणि एक बॅग एवढेच वर जाई. हातपाय धुऊन बाहेर पडलो तेव्हा साडेचार वाजले होते. गाड्या वेळेवर होत्या, एकही गाडी चुकली नव्हती, तरी दिवस संपला होता.

तेव्हापासून माझे गणित असे आहे, की प्रत्येक शहरबदलाला निदान अर्धा दिवस वजा करावा आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाऊण. दोन रात्रींचे शहर म्हणजे पाहायला एक पूर्ण दिवस, एका रात्रीचे शहर म्हणजे पाहायला काहीच नाही. फ्लॉरेन्सला दोनच रात्री ठेवल्या ही आमची चूक होती; एक दिवस आधीच गेला आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालयांमागे धावलो. त्याउलट लुसर्नच्या तीन रात्रींत एक संपूर्ण दुपार आम्ही तळ्याकाठच्या बाकावर काढली, आणि घरी आल्यापासून पत्नी सर्वांत जास्त बोलते ती त्याच दुपारबद्दल.

रात्रींच्या जोडीने वारही पाहावे लागतात. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, पॅरिसचे लूव्र मंगळवारी आणि फ्लॉरेन्सचे उफ्फिझी सोमवारी. एकाच दिवसासाठी शहरात जाणाऱ्याने हे आधी पाहिले नाही, तर हजारो रुपये खर्चून तो बंद दाराचे छायाचित्र घेऊन परततो.

तिकिटाबाबत एवढेच सांगेन, की जाणे एका शहरात आणि येणे दुसऱ्या शहरातून असे एकत्रित तिकीट बहुतेक विमान कंपन्या देतात, आणि ते जाण्या-येण्याच्या नेहमीच्या तिकिटाहून किंचित महाग दिसले तरी सुरुवातीच्या शहरात परत जाण्याचे भाडे, एक रात्र आणि एक दिवस वाचतो. स्वस्त मिळतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे जोडू मात्र नयेत. मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावे लागले तर त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्याचा व्हिसा लागतो. काही देशांत तर नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीय प्रवाशाला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणीही घेत नाही.

पैशांच्या बाबतीत माझ्या जुन्या व्यवसायामुळे दोन शब्द अधिक लिहितो. विमा किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा असणे शेंगेनसाठी बंधनकारक आहे, पण आमच्या वयाच्या माणसांनी त्याहून पुढे जाऊन आधीपासूनचा मधुमेह वा रक्तदाब त्यात धरला आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधावे. सहल कंपनीकडून परदेशाचे पॅकेज घेतल्यास ती टीसीएस, म्हणजे आपल्या आयकरापोटी आगाऊ गोळा केली जाणारी रक्कम, वसूल करते. तो वेगळा कर असल्याचा अनेकांचा समज आहे. ही रक्कम विवरणपत्र भरताना आपल्या करातून वळती होते किंवा परत मिळते, मात्र ज्याच्या पॅनवर ती जमा झाली त्यालाच. आई-वडिलांच्या सहलीची नोंद कोणाच्या पॅनवर होणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. रोख परकीय चलन एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येते, आणि तेवढे नेण्याची गरजही नसते. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड स्वित्झर्लंडमध्ये किंवा लंडनमध्ये वापरले तर चलनबदलाचे शुल्क लागते, म्हणून ज्या शहरात जितके दिवस, त्या प्रमाणात त्या-त्या चलनात पैसे भरावेत. परदेशातल्या दुकानात कार्ड लावल्यावर यंत्र कधी कधी ‘रुपयांत की युरोंत’ असे विचारते. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला विनिमयदर दुकानाच्या बाजूने ठरवलेला आणि आपल्याला महाग पडणारा असतो. स्थानिक चलनच निवडावे. रोममध्ये भेटलेल्या एका मराठी कुटुंबाला मी हे सांगितले, तेव्हा पंधरा दिवस ते प्रत्येक वेळी रुपये निवडत आल्याचे त्यांच्या लक्षात आले.

औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवावीत, चिठ्ठीत औषधाचे रासायनिक नाव असावे. माझे इन्सुलिन मी सामानात सोडले नाही, हे बरेच झाले. मिलानच्या गडबडीत एक बॅग चुकून शेजारच्या डब्यात चढवली गेली होती आणि ती सापडेपर्यंत वीस मिनिटे गेली.

संपादक महोदय, आपली पुरवणी वाचून सहल ठरवणारी असंख्य घरे आहेत, आणि त्यांतली बरीच आयुष्यात एकदाच परदेशी जाणार आहेत. म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. पुरवणीत छापल्या जाणाऱ्या प्रत्येक आराखड्याखाली प्रत्येक शहरातल्या रात्रींची संख्या, प्रवासात जाणारे तास आणि कोणते व्हिसा किती प्रवेशांचे लागतील, एवढा चार ओळींचा तक्ता द्यावा. आणि जाहिरातींतल्या देशसंख्येवर आपले नियंत्रण नसले, तरी संपादकीय मजकुराच्या मथळ्यात देश मोजणे थांबवावे. त्या जागी रात्री लिहाव्यात. माझ्या नात्यातले एक जोडपे पुढच्या महिन्यात निघत आहे. त्यांच्या आराखड्यात आयर्लंडमधले डब्लिन बरोबर मध्यभागी आहे, पॅरिस आणि ॲमस्टरडॅम यांच्यामध्ये, आणि तो आराखडा त्यांनी वर्तमानपत्रातूनच कापून ठेवला होता. काल त्यांच्या घरी जाऊन त्यांचे पासपोर्ट उघडून पाहिले. व्हिसा अजून यायचे आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी